वीज गेली, पंप थांबले, तरी भट्टी थंड राहते? छोट्या अणुभट्ट्यांची 'पॅसिव्ह' सुरक्षा

डहाणूलोकल
२०२५च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मिशनसाठी २०,००० कोटी रुपये ठेवले आणि २०३३पर्यंत देशी बनावटीच्या निदान ५ छोट्या मॉड्युलर अणुभट्ट्या (एसएमआर, म्हणजे कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडायच्या) चालू करायचं ठरलं, हे बहुतेकांनी वाचलं असेल. त्यातली २०० मेगावॉटची भारत स्मॉल मॉड्युलर रिॲक्टर (बीएसएमआर) आणि ५५ मेगावॉटची छोटी एसएमआर, दोन्हींचं पहिलं युनिट तारापूरला प्रस्तावित आहे.

आम्ही बोईसरचे. १९६९पासून तारापूरचं केंद्र शेजारी आहे, त्यामुळे अणुवीज म्हटलं की घाबरून उठणाऱ्यांतला मी नाही. पण या नव्या भट्ट्यांबद्दल जे वाचतो त्यात एक गोष्ट हमखास येते: यांत पॅसिव्ह सुरक्षा आहे, वीज गेली, कुणी बटण दाबलं नाही, तरी त्या आपोआप थंड होतात. माझा प्रश्न सरळ आहे. हे खरं आहे का? कशाच्या जोरावर? आणि किती वेळ? मी कॉमर्सवाला आहे, समजेल असं सांगा.

रानजाई
वाचतेय. माझी मावशी चिंचणीला असते, त्यामुळे प्रश्न माझाही आहे. जाणकारांनी सविस्तर लिहा.

बॉयलरवाले_काका
आधी मूळ अडचण काय ते बघू. मी कोळशाच्या वीज केंद्रात नोकरी केली. तिथे बॉयलर ट्रिप झाला की जाळ विझतो आणि विषय संपतो. अणुभट्टीत तसं होत नाही. न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे आत गेले की अणू फुटायची साखळी प्रक्रिया सेकंदांत थांबते, पण या विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं इंधनातच असतात आणि त्यांच्या क्षयातून उष्णता निघत राहते. बंद केल्या क्षणी ती पूर्ण औष्णिक शक्तीच्या (म्हणजे भट्टी चालू असताना निघणाऱ्या उष्णतेच्या) ६-७ टक्के असते, तासाभराने साधारण दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का. ती कुठल्याही बटणाने बंद होत नाही.

१००० मेगावॉट विजेच्या भट्टीची औष्णिक शक्ती साधारण ३००० मेगावॉट. म्हणजे बंद केल्यावरही पहिल्या क्षणी २०० मेगावॉट आणि दुसऱ्या दिवशी १५ मेगावॉट उष्णता. ती नुसतं पाणी उकळवून काढायची म्हटली तर दुसऱ्या दिवशीही तासाला वीसेक टन पाणी लागेल. फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंपात भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. घात केला तो नंतर आलेल्या सुनामीने. डिझेल जनरेटर बुडाले, पंपांना वीज राहिली नाही, आणि या उरलेल्या उष्णतेनेच तीन भट्ट्यांचे गाभे, म्हणजे इंधन असलेले आतले भाग, वितळले.

म्हणून पॅसिव्ह म्हणजे काय, तर ही उरलेली उष्णता पंप आणि डिझेलशिवाय बाहेर काढायची सोय. गुरुत्वाकर्षण, गरम पाणी वर जाणं, वाफेचं थंड भिंतीवर पाणी होणं, एवढ्यावर.

सह्याद्री_७७
काका, मस्त समजावलंत. पण 'छोटी' असल्याने नेमका काय फरक पडतो? मोठ्या भट्टीतही गरम पाणी वरच जाणार ना?

बॉयलरवाले_काका
जाणारच. फरक हिशेबाचा आहे. अमेरिकेतल्या नूस्केल कंपनीचं ५० मेगावॉटचं मॉड्यूल घ्या, औष्णिक शक्ती १६० मेगावॉट. बंद केल्यावर ११ मेगावॉट, दिवसाने ०.८ मेगावॉट. तासाला सव्वा टन पाणी उकळलं की भागलं. शिवाय भूमिती मदतीला येते. भांड्याची लांबी-रुंदी-उंची निम्मी केली तर आकारमान आठवा हिस्सा होतं, पण पृष्ठभाग चौथा हिस्साच राहतो. उष्णता आकारमानात तयार होते आणि पृष्ठभागातून बाहेर जाते. भांडं लहान असेल तर भिंतीतूनच पुरेशी उष्णता निघून जाऊ शकते. महाकाय भट्टीला हे जमत नाही.

त्रिज्या
काकांना +१. माझा अभ्यासाचा विषय उष्णतावहन आहे, म्हणून नूस्केलचं थोडं पुढे नेते.

त्या भट्टीत शीतक, म्हणजे गाभा थंड करणारं पाणी, फिरवणारे मुख्य पंपच नाहीत. गाभा तळाशी, वाफजनक नळ्या वर. तापलेलं पाणी मधल्या उंच नळीतून वर चढतं, उष्णता देऊन थंड होतं, बाजूने खाली उतरतं. चालू असतानाही हेच, बंद असतानाही हेच. हे सगळं पोलादी कंटेनमेंटमध्ये (भट्टीभोवतीच्या बंदिस्त कवचात) आणि ते कंटेनमेंट जमिनीखालच्या पाण्याच्या तळ्यात बुडवलेलं. आपत्कालीन व्हॉल्व्ह वीज असेपर्यंतच बंद धरलेले असतात. वीज गेली की ते उघडतात, वाफ कंटेनमेंटमध्ये जाते, थंड भिंतीवर तिचं पाणी होतं आणि ते परत गाभ्याकडे येतं. भिंतीपलीकडे तळं. तळ्याचं पाणी उकळून संपेपर्यंत उष्णता इतकी उतरलेली असते की पुढे हवेनेही भागतं, असा कंपनीचा दावा आहे. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने या आराखड्याला २०२३च्या जानेवारीत प्रमाणपत्र दिलं आणि ७७ मेगावॉटच्या सुधारित आराखड्याला २०२५च्या मे महिन्यात मंजुरी.

'किती वेळ' याचं उत्तर आराखड्यागणिक बदलतं. एपी-१००० ही अमेरिकन आराखड्याची भट्टी छोटी नाही, पण पॅसिव्ह आहे. तिच्या माथ्यावरच्या टाकीतलं पाणी ७२ तास पुरतं. बीडब्ल्यूआरएक्स-३०० या ३०० मेगावॉटच्या छोट्या भट्टीसाठी ७ दिवस सांगतात. बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) थोरियमसाठी आखलेल्या ३०० मेगावॉटच्या एएचडब्ल्यूआर या प्रगत जड पाण्याच्या भट्टीत गाभ्याच्या वर ८००० घनमीटरचं तळं होतं, तेही ७ दिवसांच्या हिशेबाने. ही भट्टी अजून बांधली गेलेली नाही, पण पंपाशिवाय चालणाऱ्या शीतकाचा अभ्यास आपल्याकडे चेंबूर-ट्रॉम्बेला कैक वर्षं झालेला आहे, हे मुद्दाम सांगते.

कोथरूडचा_सोलरवाला
हे वाचून राहवेना. आम्ही गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवतो. पॅनेल खाली, टाकी वर, पंप नाही. गरम पाणी आपोआप टाकीत चढतं, थंड खाली उतरतं. तत्त्व तेच दिसतंय. मग धंद्यातला अनुभवही ऐका. या प्रवाहाचा जोर फार कमी असतो. पाइपला थोडा उलटा उतार पडला आणि हवा अडकली की प्रवाह बंद. पाइप फुटत नाही, आवाज येत नाही, बाहेरून काही कळत नाही. नळाला गार पाणी आलं की गिऱ्हाईक फोन करतं. भट्टीत हवा अडकली तर कोण फोन करणार?

त्रिज्या
@कोथरूडचा_सोलरवाला, या विषयातला कळीचा मुद्दा तुम्ही मांडलात. पंप प्रचंड जोराने पाणी ढकलतो, त्यामुळे थोडा अडथळा, थोडा वायू यांना तो जुमानत नाही. नैसर्गिक प्रवाहाला ढकलणारी शक्ती म्हणजे फक्त गरम आणि थंड पाण्याच्या घनतेतला फरक. वाफेत थंड होऊनही द्रव न होणारा वायू मिसळला, मग तो हायड्रोजन असो वा नायट्रोजन, तर थंड नळ्यांवर त्याचा थर बसतो आणि वाफेचं पाणी होणं मंदावतं. एकही भाग मोडलेला नसतो, तरी काम होत नाही. म्हणून पॅसिव्ह यंत्रणेची विश्वासार्हता नुसते सुटे भाग मोजून काढता येत नाही. यासाठी बीएआरसीच्या शास्त्रज्ञांनी वेगळी पद्धत विकसित केली आहे आणि जगभरच्या अभ्यासकांत ती चर्चेत असते.

कडुनिंब
आता माझं ऐका. 'आपोआप' म्हटलं की लोकांना वाटतं काही बिघडूच शकत नाही. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीतही पॅसिव्ह यंत्रणा होतीच! आयसोलेशन कंडेन्सर. भट्टीतली वाफ वरच्या टाकीतल्या नळ्यांतून जाते, पाणी होऊन खाली येते, पंप नाही. भूकंपानंतर ती सुरूही झाली होती. भट्टी फार वेगाने थंड होतेय म्हणून ऑपरेटर नियमानुसार ती चालू-बंद करत होते. तेवढ्यात सुनामी आली, बॅटऱ्याही बुडाल्या, आणि नियंत्रण वीज जाताच व्हॉल्व्ह बंद होतील अशीच रचना होती. वर कहर म्हणजे पॅनेलवरचे दिवे गेल्यामुळे कंडेन्सर चालू आहे की बंद हेच कुणाला कळेना. तो प्रत्यक्ष चालवल्याचा अनुभव ड्युटीवरच्या लोकांना नव्हता. चारांपैकी सगळ्यात आधी वितळली ती हीच भट्टी.

मीठगर
चारांपैकी नाही, तिघांपैकी. चौथ्या भट्टीत तेव्हा इंधन नव्हतं. बाकी मुद्दा बरोबर.

आमच्या गावात पावसाची पहिली सर आली की वीज जाते, त्यामुळे विजेशिवाय चालणारं काहीही मला मनापासून आवडतं :)

बॉयलरवाले_काका
कडुनिंब, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि त्यातून मी उलट निष्कर्ष काढतो. तिथे कंडेन्सरने दगा दिला नाही. वीज गेल्यावर व्हॉल्व्हने कुठल्या स्थितीत जायचं हे ज्याने ठरवलं, त्या निर्णयाने दगा दिला. नूस्केलमध्ये वीज गेली की व्हॉल्व्ह उघडतात, तिथे बंद झाले. पॅसिव्ह यंत्रणा बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा.

डहाणूलोकल, तुमच्यासाठी एक गोष्ट. तारापूरच्या १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्याही त्याच पिढीतल्या उकळत्या पाण्याच्या आहेत आणि त्यांनाही असाच इमर्जन्सी कंडेन्सर आहे. बाहेरून पाणी न घालता काही तास उष्णता काढायची त्याची क्षमता आहे. फुकुशिमानंतर आपल्याकडे सगळ्या केंद्रांची फेरतपासणी झाली तेव्हा त्यावर विचार झाला होता. म्हणजे पॅसिव्ह ही चीज तुमच्या शेजारी १९६९पासून आहे.

डहाणूलोकल
हे खरंच माहीत नव्हतं! शेजारी राहून इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

नरोटी
भारतातलं उदाहरण हवं असेल तर नरोरा. ३१ मार्च १९९३, पहाट. उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनचं पातं तुटलं, जनरेटरमधला हायड्रोजन बाहेर येऊन पेटला, आणि मुख्य व राखीव दोन्ही वीजपुरवठ्यांच्या केबल जळाल्या, कारण त्यांच्यामध्ये आग अडवणारी भिंत नव्हती. १७ तास संपूर्ण ब्लॅकआउट. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, लोकांना बाहेर पडावं लागलं.

गाभा वाचला तो नैसर्गिक प्रवाहामुळे. जड पाण्याच्या भट्टीत वाफजनक गाभ्यापेक्षा वर असतात, त्यामुळे पंप थांबले तरी थर्मोसायफनने, म्हणजे गरम वर आणि थंड खाली या नियमाने, पाणी फिरत राहिलं. पण वाफजनकांना दुसऱ्या बाजूने पाणी कुणीतरी द्यायलाच हवं होतं. ते दिलं अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी, माणसांनी जोडून. आणि काही कर्मचारी टॉर्च घेऊन वर चढले, हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण गाभ्यात सोडलं. ते द्रावणही गुरुत्वाकर्षणानेच उतरतं, पण व्हॉल्व्ह माणसाने उघडला. निसर्गनियमांनी अर्धं काम केलं, उरलेलं अर्धं त्या रात्रपाळीच्या लोकांनी. त्यांच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय याची खंत वाटते.

रानजाई
अंगावर काटा आला. यावर स्वतंत्र धागा काढा ना, नरोटी.

त्रिज्या
नरोटींनी सांगितलेला फरक आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९१मध्येच वर्गवारी करून मांडलाय. अ गटात काहीच हलत नाही, द्रवसुद्धा नाही: इंधनाचं आवरण, भिंतीतून होणारं उष्णतावहन. ब गटात फक्त द्रव फिरतो. क गटात यांत्रिक भाग हलतो, उदाहरणार्थ एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. ड गटात सुरुवात सिग्नलने किंवा बॅटरीने होते, पुढचं काम निसर्ग करतो. बहुतेक पाण्याच्या छोट्या भट्ट्यांची आपत्कालीन यंत्रणा ड गटाच्या आसपास येते. बातमीत मात्र चारही गटांना 'पॅसिव्ह' एवढाच शब्द असतो. त्यामुळे कुणी पॅसिव्ह म्हटलं की लगेच गट विचारा.

सह्याद्री_७७
मग अ गटाच्या जवळ जाणारी भट्टी कुठे आहे का? की सगळं कागदावरच?

नरोटी
आहे. चीनच्या शानतुंग प्रांतात शिदाओवानला एचटीआर-पीएम. हीलियमने थंड होणाऱ्या २५० औष्णिक मेगावॉटच्या दोन भट्ट्या आणि मिळून २१० मेगावॉटचं एक टर्बाइन. इंधन ६ सेंटिमीटरच्या ग्राफाइट गोळ्यांत. प्रत्येक गोळ्यात हजारो बारीक कण, आणि प्रत्येक कणावर कार्बन व सिलिकॉन कार्बाइडचे थर. सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत ते थर किरणोत्सारी द्रव्यं धरून ठेवतात. २०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांनी दोन्ही भट्ट्यांवर चाचणी घेतली. प्रत्येकी २०० मेगावॉटवर चालू असताना शीतकरण तोडलं आणि आपत्कालीन यंत्रणा वापरली नाही. भट्ट्या स्वतःहून थंड झाल्या. व्यापारी पातळीच्या भट्टीवर असं करून दाखवलं जाण्याची ही पहिलीच वेळ.

त्याआधीचं उदाहरण आणखी धाडसी आहे. ३ एप्रिल १९८६, अमेरिकेतल्या आयडाहोमधली ईबीआर-२ ही प्रायोगिक भट्टी, सोडियमने थंड होणारी. पूर्ण शक्तीवर चालू असताना पंप बंद केले आणि नियंत्रक दांडे आत जाऊच दिले नाहीत. तापमान चढलं, गाभ्यातले भाग प्रसरण पावले, साखळी चालू ठेवणारे न्यूट्रॉन जास्त निसटू लागले, काही मिनिटांत शक्ती आपसूक कोसळली. त्याच दिवशी उष्णता बाहेर जायचा मार्ग तोडूनही हाच प्रयोग केला. यानंतर २३ दिवसांनी चेर्नोबिल झालं आणि या चाचणीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

कडुनिंब
सोडियम पाण्याला लागला की पेटतो, हे पण लिहा. जपानच्या मोंजू भट्टीत १९९५ला सोडियम गळून आग लागली होतीच.

नरोटी
लिहितो की. प्रत्येक शीतकाला स्वतःचं दुखणं आहे. पाण्याला दाब लागतो, सोडियम पेटतो, हीलियममध्ये उष्णता साठवायची ताकद कमी.

मीठगर
हे सगळं जैतापूरला विचारायला हवं होतं. माडबनच्या सड्यावर १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या आणायच्या होत्या, आणि आमच्या सभांमध्ये उरलेली उष्णता हा विषय कुणी काढल्याचं मला तरी आठवत नाही. आंबा, मासळी आणि जमिनीचा भाव, एवढ्यावरच रात्री संपल्या. ते प्रश्न खरेच होते. पण तांत्रिक बाजूने कुणी मराठीत बोललं असतं तर आम्ही वेगळे प्रश्न विचारले असते.

गावकरी_ऑन्टारिओ
मीठगर, जैतापूरवर गाडी गेली तर धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल :) मी कॅनडातल्या डार्लिंग्टन अणुकेंद्रापासून फार लांब राहत नाही. इथे बीडब्ल्यूआरएक्स-३०० चं बांधकाम सुरू झालंय. एप्रिल २०२५ला कॅनडाच्या नियामकाने परवाना दिला, मे महिन्यात प्रांत सरकारने हिरवा कंदील. चार भट्ट्यांचा अंदाज २०.९ अब्ज कॅनडियन डॉलर, १२०० मेगावॉटसाठी. पंपांशिवाय फिरणारं पाणी आणि वर आयसोलेशन कंडेन्सर. हो, फुकुशिमातल्याच कंडेन्सरची ही पुढची पिढी, म्हणून कडुनिंब यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. लोक शांत आहेत, कारण मोठं केंद्र तिथे आधीपासून आहे आणि घरोघरी आयोडीनच्या गोळ्या (अपघात झाला तर किरणोत्सारी आयोडीनपासून बचावासाठी) वाटलेल्या आहेत.

कडुनिंब
इथेच माझा खरा आक्षेप आहे. पॅसिव्ह सुरक्षा हा निव्वळ अभियांत्रिकीचा विषय राहत नाही, तो पैशाचा होतो. नूस्केलला अमेरिकन नियामकाने २०१८मध्ये मान्य केलं की त्यांच्या भट्टीला सुरक्षा दर्जाचा, म्हणजे आणीबाणीसाठीचा खास खात्रीचा, वीजपुरवठा लागणार नाही. मग माणसं कमी करायची मागणी येते. मग आपत्कालीन क्षेत्र, म्हणजे अपघात झाल्यास लोकांना वाचवायची तयारी ठेवायचा परिसर, लहान करायची. अमेरिकेत १६ किलोमीटरचा नियम होता. २०२३मध्ये छोट्या भट्ट्यांसाठी तो लवचिक केला, पात्र ठरली तर क्षेत्र कुंपणापर्यंत येऊ शकतं. इतकं करूनही पैशाचं गणित जमलंच असं नाही. यूटातल्या पालिकांसाठीचा नूस्केलचा प्रकल्प २०२३च्या नोव्हेंबरात रद्द झाला, विजेचा अंदाजित दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेल्यामुळे.

एका पायरीवर सुरक्षा वाढवायची आणि तिच्या जोरावर बाकीच्या पायऱ्या काढून टाकायच्या. मग एकूण सुरक्षा वाढली का?

बॉयलरवाले_काका
याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. फक्त एवढंच म्हणेन की गाभा लहान असेल तर बाहेर पडू शकणारा किरणोत्सारही कमी असतो, त्यामुळे क्षेत्र थोडं लहान करणं तर्काला धरून आहे. पण कुंपणापर्यंत? आपल्याकडे तरी मी १६ किलोमीटरचा आराखडा आणि कवायती सोडायला तयार होणार नाही. सराव झालेला असला तर माणूस धावतो. नरोराला तेच दिसलं.

डहाणूलोकल
काका, आमच्याकडे या विषयाला दुसरी बाजूही आहे. ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. पुनर्वसनाच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या. त्यामुळे क्षेत्र लहान होणार म्हटलं की कमी गावं उठतील असं समजून इथल्या लोकांना बरंच वाटेल. तीच गोष्ट कडुनिंब यांना धोक्याची वाटते. मला दोन्ही पटतंय, हीच पंचाईत.

त्रिज्या
आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे नियामक कशासाठी हवा ते कळेल. नूस्केलच्या तपासणीत २०२०मध्ये आयोगाच्या तज्ज्ञ सल्लागार समितीने एक शंका काढली. पाण्यात बोरॉन मिसळलेलं असतं, ते न्यूट्रॉन शोषतं. आपत्कालीन स्थितीत पाणी उकळतं तेव्हा बोरॉन मागे राहतं आणि वाफेपासून परत येणारं पाणी जवळपास बोरॉनविरहित असतं. असं पाणी एका जागी साठून अचानक गाभ्यात शिरलं तर बंद झालेली प्रक्रिया पुन्हा डोकं वर काढू शकते. म्हणजे जी यंत्रणा थंड करायला ठेवली, तिच्याच कामातून नवा प्रश्न. कंपनीने मधल्या नळीला भोकं ठेवून पाणी मिसळत राहील असा बदल केला. भोकं पाडणं सोपं होतं. प्रश्न दिसायला स्वतंत्र डोळे लागले, आणि ही सगळी चर्चा सार्वजनिक कागदपत्रांत आहे, कुणालाही वाचता येते. मला आपल्याकडे नेमकं हेच हवंय. बीएसएमआरची पॅसिव्ह यंत्रणा कागदावर चांगली असेल यात मला शंका नाही, बीएआरसीच्या लोकांचं काम मी वाचलेलं आहे. पण तिच्या प्रयोगांचे निकाल आणि नियामकाचे आक्षेप बोईसरच्या माणसाला वाचायला मिळाले पाहिजेत.

कोथरूडचा_सोलरवाला
+१. आणि चालू झाल्यावर दरवर्षी तपासणार कसं, तेही विचारा. पंप चालू करून बघता येतो. नैसर्गिक प्रवाह खऱ्या परिस्थितीत कसा तपासणार?

डहाणूलोकल
सगळ्यांचे मनापासून आभार. जनसुनावणी झाली तर विचारायचे प्रश्न मी लिहून घेतोय. वीज गेल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत जातो आणि ती स्थिती कंट्रोल रूममध्ये बॅटरीशिवाय कळते का. बाहेरून पाणी, वीज, माणूस यांशिवाय किती तास किंवा दिवस, आणि त्यानंतर पाणी कोण आणि कुठून आणणार. चालू भट्टीत तपासणी कशी करणार. आपत्कालीन क्षेत्र किती किलोमीटर. अजून काही?

बॉयलरवाले_काका
वापरलेलं इंधन. ते गाभ्यातून काढल्यावरही तापतच असतं आणि भट्टीशेजारच्या कुंडात ठेवतात. सगळी चर्चा गाभ्याची होते. त्या कुंडाला वीज नसेल तर पाणी किती दिवस पुरतं, हा पाचवा प्रश्न.

त्रिज्या
आणि एकाच जागी दोन-चार भट्ट्या असतील तर सगळ्या एकदम अडचणीत आल्यावर काय, हा सहावा. फुकुशिमाला एका भट्टीच्या स्फोटाने शेजारच्या भट्टीचं काम अडलं होतं. डहाणूलोकल, सुनावणीची नोटीस निघाली की इथेच टाका. सहाही प्रश्न आकड्यांसकट नीट मराठीत लिहून देते.

रानजाई
मीही येणार. मावशीच्या गल्लीतल्या बायकांनाही घेऊन येते, त्यांना आधी हा धागा वाचून दाखवते.